वाटीभर पाण्याचं वळण

हळद शिजायला लागली की कुरुंद्याच्या हवेला वजन येतं. तो वास नुसता नाकापुरता राहत नाही. दोरीवरच्या कपड्यांत शिरतो, चहात उतरतो, पुस्तकाच्या पानांत जाऊन बसतो. आता गावातल्या मोठ्या लोखंडी कढया गेल्या. ट्रॅक्टरमागून वाफेची यंत्रं शेतात येतात, शिट्टी घालतात आणि दिवसभराचं काम चहा निवेपर्यंत उरकून पुढच्या शेतात जातात. वास मात्र तोच आहे. काल दुपारी ओसरीवर वाचत बसलो होतो. वारा फिरला आणि हातातली ओळ तिथंच राहिली. वत्सला गेल्यानंतरची ही पहिली हळद.

दर वर्षी या दिवसांत ती एकदा तरी दारात उभी राहून दीर्घ श्वास घ्यायची आणि म्हणायची, "उषीचे रूळ शिजून राहिले बरं का." हे वाक्य आमच्या घरात कुणालाच वेगळं वाटत नसे. बाहेरच्या माणसाला मात्र ते उलगडून सांगावं लागेल, आणि सांगायचं तर त्या एका हंगामाकडे जावं लागेल.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मोठा दुष्काळ मागं पडला होता, तरी बायका अजून घागरीतलं पाणी ओतताना हात आखडता धरत. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवत होतो, वत्सला गणित. ती अकोल्याची. लग्न होऊन छोट्या रुळांच्या गाडीनं वसमतला उतरली तेव्हा तिच्याबरोबर एक लोखंडी पेटी आणि एक सुरई होती. पेटीत निम्मी भूमितीची पुस्तकं निघाली. तिच्या बोलण्यातलं वऱ्हाड कधी गेलं नाही, आणि ते जावं असं मलाही कधी वाटलं नाही.

उषा आमची थोरली, पहिलीत होती. शेजारच्या सरूआत्यांच्या हळदीनं भरलेल्या गाडीवर चढून बसली होती. गाडी उभीच होती, बैलही सोडलेले होते. उतरताना ओल्या पाल्यावरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. नांदेडच्या डॉक्टरांनी कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, कडक फळीवर निजवा, कूस वळवू नका, प्लास्टर भिजू देऊ नका. आणि जाता जाता, जणू विसरलेलं आठवलं म्हणून, असंही सांगितलं की उन्हाळा आहे, पडून राहिलेल्या लेकराला पाणी भरपूर पाजा, नाहीतर लघवीचा त्रास होईल, खडे धरतील.

आम्हाला हाडाची काळजी होती. पण हाड आपलं आपण जुळत होतं. अडलं ते पाण्यावर.

उषा पाणी प्यायचीच नाही. एक घोट घ्यायची आणि ओठ मिटायची. आम्हाला वाटलं, तोंडाची चव गेली. गूळ घातला, लिंबू पिळलं, पन्हं केलं. चवथ्या-पाचव्या दिवशी वत्सलाच्या लक्षात आलं. प्यायलं की भांडं मागावं लागतं. सहा वर्षांचं पोर, पण कालपर्यंत स्वतः परसात जाणारं, आणि आता निजल्या जागी आईनं भांडं सरकवायचं, त्यात दिवसभर बघायला येणाऱ्या बायाबापड्यांची दारात गर्दी. ती लाज एवढ्याशा जिवाला तहानेपेक्षा मोठी झाली होती. लघवी हळदीसारखी पिवळी व्हायला लागली. होताना ती दात आवळून डोळे घट्ट मिटायची. तिसऱ्या प्रहरी अंगात कणकण यायची.

"पिलीस न्हाई तर पुना दवाखान्यात जावं लागंल," सरूआत्या तिला सांगायच्या. गाडी त्यांची होती म्हणून त्या रोज येत, आणि आल्या की आमच्यापेक्षा मोठ्यानं काळजी करत.

"जाऊ द्या," उषा छताकडे बघत म्हणायची.

तिच्या मामानं अकोल्याहून आणलेली एक चावीची आगगाडी घरात होती. पत्र्याचं लाल इंजिन, एक डबा, आणि पत्र्याचे रूळ, जे केव्हाच चेपून गेले होते. एका दुपारी उषा म्हणाली, "आगगाडीनं पाणी आलं तर पिईन. पण वाटी भरून आली पाहिजे. सांडली तर न्हाई पिणार."

लेकरं अशी अट घालतात तेव्हा त्यांना वाटत असतं, हे होणारच नाही. पण आम्ही दोघं मास्तर होतो. अशक्य गोष्ट कुणी फळ्यावर लिहून दिली की आम्हाला ती सोडवावीशी वाटते.

बुरुडाकडून बांबूच्या लांब कामट्या आणल्या. दोन कामट्या शेजारी शेजारी, मधे काडेपेटी आडवी ठेवून अंतर सारखं राखायचं आणि बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, फळ्यांवर ठोकायच्या. झाला रूळ. फळ्या विटांवर मांडून उषा निजायची त्या तख्ताच्या उंचीला आणल्या. डब्याचं छप्पर मी कात्रीनं कापलं आणि आत वाटी बसवली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून भिंतीकडेनं गाडी सरळ यायची, तख्ताच्या पायथ्याशी वळायची आणि तख्ताच्या कडेनं पुन्हा सरळ उषाच्या हाताशी. सगळ्या वाटेत मिळून एक वळण.

ते वळण मी आखलं. फळीत खिळा ठोकला, त्याला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला खडू, आणि फिरवला. वर्तुळाचा सुरेख तुकडा उमटला. त्याच्या दोन्ही टोकांना सरळ रेघा अशा टेकल्या की कुठं कोपरा नाही, कुठं टोक नाही. मी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. वत्सलानंही पाहिलं आणि मान डोलावली. सरूआत्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तर, लेकराला पाणी पाजायला आगगाडी काहून लागती? हात झडले का तुमचे?"

"आत्या, हातानं पीत नाही ना ती."

"मग मी दोन चापट्या देती, बघा कशी पीत न्हाई ते."

तख्तावरून आवाज आला, "गाडी तुमचीच होती, आत्या."

सरूआत्यांनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की काय होतं, कळलं नाही.

चावी दिली. गाडी भिंतीकडेनं खडखडत निघाली. वाटीतलं पाणी थोडं थरथरत होतं, पण वाटीतच होतं. मग सरळ संपून वळण लागलं, आणि कुणीतरी अदृश्य हातानं चापट मारावी तसं पाणी भिंतीकडे उसळलं. वळण सरेपर्यंत ते तसंच बाहेरच्या अंगाला चढून राहिलं, आणि वळण संपलं त्याच क्षणी उलटून आतल्या अंगाला आलं. आत तख्त होतं. पाणी उषाच्या पावलाशी, प्लास्टरच्या काठावर पडलं.

वत्सलानं आपला पदर तिथं दाबला. मी पंखा घेतला. सरूआत्या कोरडी राख आणायला धावल्या आणि आणलेली राख काय करायची ते न कळून हातात धरून उभ्या राहिल्या. काठाचा भाग मऊ पडला होता, बोटानं दबत होता. दुपारभर वारा घालून तो पुन्हा कडक झाला. आत पाणी गेलं नव्हतं. पण आमची तोंडं सुकली. उषा म्हणाली, "सांडली," आणि भिंतीकडे तोंड केलं. मान तेवढी तिला वळवता येत होती.

मला तेव्हा कळेना की चुकलं कुठं. वर्तुळ निर्दोष होतं. जोड निर्दोष होते. डोळ्याला जिथं काहीच खुपत नव्हतं तिथं पाण्याला काय खुपलं? मी पुन्हा पुन्हा त्या जोडावर बोट फिरवत होतो. वत्सला फळीशेजारी मांडी घालून बसली होती. बाहेर हळदीच्या कढईवर पोती झाकलेली, त्यांच्या फटींतून वाफ येत होती. तिनं रिकामी वाटी हातात घेऊन फिरवली. मग म्हणाली, "अहो, गाडी वळते ते आपल्याले कधी कळते?"

"वळते तेव्हा."

"नाही. वळून झाल्यावर. खिडकीतून मागचे डबे दिसतात तेव्हा." अकोल्याहून येताना ती सुरई दोन्ही पायांत धरून बसायची, सुरईच्या तोंडावर ठेवलेल्या फुलपात्रात पाणी असायचं. "त्या फुलपात्रातलं पाणी कलते, पण उडत नाही. हळूच कलते. आपण बघत असलो तरी कधी कलायला लागलं ते सांगता येत नाही."

"मग आपलं का उडतं?"

"तुमचं वळण एकदम सुरू होते. सरळ, सरळ, सरळ, आणि धाडकन पुरं वळण. मधात काहीच नाही."

"मधे काय पाहिजे?"

"थोडं वळण," ती म्हणाली. "मग त्याच्याहून थोडं जास्त. मग त्याच्याहून."

मी भाषेचा माणूस. सरळ आणि वाकडं हे दोन शब्द मी रोज वापरत होतो. त्या दोघांच्या मधे एवढा मुलूख असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. वर्तुळाला एक मध्यबिंदू असतो, तिथं खिळा ठोकला की काम झालं. पण वत्सला सांगत होती त्या रेषेला खिळा ठोकायला जागाच नाही, कारण तिचा मध्यबिंदू पावलोपावली सरकतो. सुरुवातीला तो इतका दूर असतो की कुरुंद्यात मावणार नाही, मग गल्लीत येतो, मग अंगणात, आणि शेवटी खोलीत येऊन थांबतो. अशी रेषा काढायची कशी?

तिनं उरलेल्यातली एक कोरडी कामटी उचलली. तिचं एक टोक गोलाईच्या तोंडाशी चार खिळ्यांत अडकवलं. दुसऱ्या टोकाला तळहात लावला आणि हळूच सरळ रेघेकडे ढकललं.

तो क्षण मला अजून दिसतो. कामटी वाकली, पण सगळीकडे सारखी नाही. हाताजवळ ती जवळजवळ सरळच राहिली, पुढे किंचित कलली, मग अजून, मग खिळ्यांजवळ पुरती वळली. कुठं कमी, कुठं जास्त, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. वत्सलानं तिच्या कडेनं खडू ओढला आणि हात काढला. कामटी टणकन सरळ झाली. फळीवर रेघ राहिली.

"बघा," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, जणू कुणी झोपलंय, "आपण फक्त टोक ढकललं. मधातलं सगळं तिनंच ठरवलं."

"दाखव बरं, वळण कुठून सुरू झालं?" मी विचारलं.

तिनं बोट ठेवलं. मग थोडं मागं घेतलं. मग अजून मागं. आणि हसली.

त्यानंतर कधीतरी रस्त्याची मोजणी करणारे एक साहेब शाळेत मुक्कामाला होते. त्यांना मी विचारलं, तर ते म्हणाले, अहो मास्तर, रेल्वेचं कुठलंही वळण असंच आखतात, सरळ आणि गोलाई यांच्यामधे एक तुकडा असतोच, त्याची गणितं फार किचकट असतात. मी वत्सलाला येऊन सांगितलं. तिला आनंद झाला, पण आश्चर्य वाटलं नाही. "कामटीले येते म्हटल्यावर रेल्वेले येणारच," ती म्हणाली. मला मात्र त्या दिवसापासून रुळांकडे पूर्वीसारखं बघता आलं नाही. वसमतच्या स्टेशनात उभं राहून मी लांब वळणाकडे बघत राहायचो. एवढं लोखंड, एवढी माणसं, कोंबड्या, डबे, पोती, आणि त्या सगळ्यांना वळवणारी ही रेषा एवढी विनयशील की ती कुठं सुरू झाली ते कुणाला कळू देत नाही.

पण रेघ आखली म्हणजे रूळ झाला नाही. कोरडी कामटी सरळ व्हायला बघायची आणि चुका उपसून काढायची. म्हणून आम्ही ती शिजवायचं ठरवलं. सरूआत्यांच्या कढईत हळद रटरटत होती, पाल्यानं आणि पोत्यांनी झाकलेली. एका कडेनं कामट्या आत सारल्या.

"हळद शिजवतेत, बाई. बांबू कुणी शिजवतं व्हय?" सरूआत्या म्हणाल्या. "उद्या माझ्या हळदीला बुरुडवाड्याचा वास येईल."

"येऊ द्या. माझ्या रुळांले तुमचा येऊन राहिला."

पहिल्यांदा आम्ही घाई केली. शिजलेली कामटी काढून गरमागरम तशीच ढकलली, आणि ती जिथं जास्त मऊ पडली होती तिथं कोपरासारखी मोडून बसली. शिजल्यावर तिचं शहाणपण गेलं होतं. आता ती सांगू ते ऐकत होती, पण स्वतः काही ठरवू शकत नव्हती. वत्सला कपाळाला हात लावून म्हणाली, "बाप्पा! आधी कोरडीले विचारायचं, मग ओलीले सांगायचं." मग तिनं खडूच्या रेघेवर दाटीनं खिळे ठोकले, शिजलेल्या कामट्या त्यांच्या कडेनं बसवल्या, वरून दोऱ्या आवळल्या, आणि फळी उचलून अंगणात वाळत घातलेल्या हळदीशेजारी उन्हात ठेवली. वाळल्या तेव्हा त्या पिवळ्याधमक झाल्या होत्या, आणि आकार सोडायला तयार नव्हत्या. वळण संपून पुन्हा सरळ होतं तिथंही तिनं तसंच केलं, उलट्या क्रमानं. बाहेरच्या रुळाखाली जुन्या पत्त्यांचे तुकडे सरकवले. आधी एक, मग दोन, मग तीन, आणि परत उतरत. "गाडीनंच थोडं कलावं," ती म्हणाली, "म्हणजे पाण्याले कलायचं काम कमी."

या दोन दिवसांत उषा जवळजवळ काहीच प्यायली नव्हती. ओठांना चिरा पडल्या होत्या. मी वसमतहून नांदेडला न्यायला जीप मिळते का ते बघून आलो होतो. संध्याकाळपर्यंत वाट बघायची, असं आमचं ठरलं होतं. आम्ही ते एकमेकांशी बोललो तेव्हा उषाला झोप लागली आहे असं समजलो होतो.

आता इतक्या वर्षांनी मला त्या कामटीतल्या मधल्या भागाची आठवण वेगळ्या कारणानं येते. वत्सला गेली ती एका सकाळी, मेथी निवडता निवडता. निम्मी जुडी निवडलेली होती. विहारातून भंतेजी येऊन गेले, माणसं आली, रडली, जेवली, गेली. सगळे म्हणाले, चांगलं मरण आलं, तिला काही तकलीफ झाली नाही. खरं आहे. पण माझ्यासाठी ती खिळ्याला दोरी बांधून आखलेली रेघ होती. सरळ, सरळ, आणि धाडकन. मी अजून त्या जोडाशीच उभा आहे आणि आतलं पाणी भिंतीकडे चढलेलं आहे. उषा पुण्याहून रोज फोन करते. "बाबा, जेवलात का," विचारते. एकदा म्हणाली, "तुमी आईचं सगळं एकदम आवरू नका. एक एक कप्पा आवरा." तिला माहीत नसेल, ती कुणाची लेक बोलून राहिली होती. मी आठवड्याला एक कप्पा आवरतो. कधी कधी तोही नाही. भूमितीची पुस्तकं अजून तशीच आहेत.

मनात येतं, तिनं त्या दिवशी जे पाहिलं ते पाहायला माणसाला काय लागत असेल? गणित तर लागतंच. पण पाण्याच्या जागी बसून बघायची एक तयारी लागते. माझं सगळं लक्ष रेघेकडे होतं, तिचं वाटीकडे.

तर ती दुपार. ऊन कलंडलं होतं. वत्सलानं वाटी इतकी भरली की पाणी काठाच्या वर फुगून आलं. मी म्हटलं, थोडी कमी भर. ती म्हणाली, "अट भरल्या वाटीची आहे." चावी तिनं निम्मीच दिली. सरूआत्या हातावरची हळद न पुसताच दारात उभ्या होत्या. उषानं मान वळवली होती, पण डोळ्यांत काही नव्हतं. ती बघत होती, एवढंच.

गाडी निघाली. भिंतीकडेनं आली. बांबूवर पत्र्याची चाकं जो आवाज करतात तो पावसाच्या आवाजासारखा नाही, घुंगरांसारखाही नाही. सुपात जोंधळे हलवल्यासारखा असतो. ती वळणाशी आली. मी श्वास धरून पाण्याकडे बघत होतो. काही झालं नाही. मग दिसलं की होत आहे. पाण्याचा सगळा पृष्ठभाग एखाद्या ताटासारखा, न मोडता, न थरथरता, एका अंगाला कलत होता. तुळईची सावली त्यात पडली होती, तीही त्याच्याबरोबर कलली. मग ते ताट तितक्याच सावकाश परत सपाट होत गेलं, आणि गाडी तख्ताच्या कडेनं सरळ धावत होती. वळण कधी संपलं ते मी पाहिलं नाही. मी बघत होतो, तरी पाहिलं नाही. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट डोळ्यांना न सांगता घडून गेली.

इंजिन उषाच्या हाताशी येऊन चावी संपून थांबलं.  तिनं वाटीत डोकावलं, काठावर बोट फिरवून बघितलं, मग आईकडे बघितलं. तिचा चेहरा हरलेल्या माणसाचा होता आणि त्याच वेळी फार खूश माणसाचाही. वत्सलानं तिची मान उचलून धरली. उषानं दोन्ही हातांनी वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली.

"अजून," ती म्हणाली.

गाडी पुन्हा गेली, पुन्हा आली. पुन्हा गेली. सरूआत्या दरवेळी "आली, आली" म्हणत होत्या, जणू वसमतच्या फलाटावर पाहुणे घ्यायला उभ्या आहेत.

मग गाडी बाजूला ठेवली. उषा छताकडे बघत पडली होती. वत्सला उंबऱ्यात बसली होती, तिच्याकडे न बघता. मी पाहिलं, वत्सलाच्या हाताची मूठ वळलेली होती. पाणी आत गेलं होतं, आता सगळं त्याच्या पुढच्या गोष्टीवर होतं, आणि त्या गोष्टीला रूळ टाकता येत नव्हते. उषाचा ओठ दाताखाली गेला. तिनं दाराकडे पाहिलं, सरूआत्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग एकदम, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"आई, भांडं आण!"

"आणती गं माय, आणती!" सरूआत्याच आधी उठल्या. "सगळ्या कुरुंद्याला कळलं!"

उषा हसायला लागली. प्लास्टर हलेल म्हणून वत्सला तिला हसू नको म्हणत होती, आणि स्वतः हसत होती, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तशीच भांडं घेऊन धावत होती.